'नाही' म्हणाले, पण नेमकं कशाला नाही म्हणाले? – सरसकट पाळत आणि सभागृहातली उत्तरं

कुळागर_डिचोली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहायला बसलेय कारण मागच्या ग्रामसभेपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. विषय अमेरिकेपासून दिल्लीपर्यंत जाणार आहे पण सुरुवात आमच्या गावातून करते, गावाचं नाव नको.

आमच्याकडे तिठ्यावर, देवळाकडे आणि शाळेच्या फाटकाकडे कॅमेरे बसले. माझा विरोध नव्हता, चोऱ्या होत होत्या, ठरावाला मी पण हात वर केलेला. नंतरच्या ग्रामसभेत मी एवढंच विचारलं की ह्या कॅमेऱ्यांचं फुटेज पंचायतीबाहेर कोणाला दिलं जातं का. उत्तर आलं, "नाही, कोणालाही फुटेज दिलेलं नाही." तसं लिहून पण घेतलं. मी समाधानाने खाली बसले. दोन आठवड्यांनी कळलं की ज्याने कॅमेरे बसवले त्या ठेकेदाराच्या ऑफिसात सगळं चोवीस तास लाइव्ह दिसतं, आणि गावातल्या आणखी दोघांच्या मोबाइलवर पण दिसतं. शाळेचं फाटक, आमच्या पोरी येतात जातात ते. जाऊन विचारलं तर म्हणे, "बाय, तू फुटेज दिलं का विचारलंस, फुटेज कुठे दिलंय, ते बघतात फक्त."

त्या रात्री झोप लागली नाही. आणि मला २०१३ सालचा तो अमेरिकन सिनेटमधला प्रसंग आठवला, कारण तिथे हुबेहूब हेच झालेलं, फक्त तिथे अख्खा देश होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १२ मार्च २०१३, सिनेटच्या गुप्तचर समितीची खुली सुनावणी. ओरेगनचे सिनेटर रॉन वायडन, समोर राष्ट्रीय गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर, म्हणजे तिथल्या सगळ्या गुप्तचर खात्यांच्या वरचा माणूस. वायडन विचारतात, एनएसए (फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणारी अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था) लाखो किंवा कोट्यवधी अमेरिकनांचा कुठल्याही प्रकारचा डेटा गोळा करते का. क्लॅपर म्हणतात, "नाही, सर." वायडन परत विचारतात, "नाही करत?" तेव्हा हात कपाळावर, मान खाली, आणि म्हणतात, "जाणूनबुजून नाही." व्हिडिओ आहे, बघा एकदा, त्या माणसाचा चेहरा बघा.

प्रश्न अचानक आला असंही नाही. वायडनच्या ऑफिसने आदल्या दिवशी तो कळवून ठेवलेला, आणि सुनावणीनंतर उत्तर दुरुस्त करायची संधी पण दिलेली. दुरुस्त केलं नाही. तीन महिने ते 'नाही' तसंच कामकाजात राहिलं.

५ जून २०१३ ला गार्डियन ह्या ब्रिटिश पेपरने तिथल्या गुप्त न्यायालयाचा आदेश छापला, व्हेरायझन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या सगळ्या फोनकॉलची नोंद रोजच्या रोज एनएसएला द्यायची. कोणी कोणाला, कधी, किती वेळ. संशयित असो नसो, सगळ्यांची. चार दिवसांनी ही कागदपत्रं बाहेर काढणारा एडवर्ड स्नोडेन हाँगकाँगमधून स्वतःचं नाव सांगून पुढे आला.

आता क्लॅपर यांचं स्पष्टीकरण बघा, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे. टीव्हीवर ते म्हणाले की मी त्यातल्या त्यात कमीत कमी असत्य असं उत्तर दिलं. आणि लायब्ररीचं उदाहरण दिलं, की पुस्तकं कपाटात असणं म्हणजे 'गोळा करणं' नव्हे, आमच्या लेखी गोळा करणं म्हणजे कपाटातून पुस्तक काढून उघडून वाचणं. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचा शब्द वेगळा, उत्तर देणाऱ्याचा शब्द वेगळा, आणि ऐकणाऱ्या जनतेला हे माहीतच नाही की खोलीत दोन शब्दकोश आहेत! मग २१ जूनला समितीच्या अध्यक्षांना पत्र, की माझं उत्तर उघडपणे चुकीचं होतं. नंतर त्यांच्या बाजूने असं पण आलं की फोनच्या नोंदींचा तो कार्यक्रम त्या क्षणी लक्षातच आला नाही. आता हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल मला कोणी समजावा. मोजूनमापून कमीत कमी असत्य उत्तर दिलं म्हणजे लक्षात होतं. लक्षातच नव्हतं तर मोजलं काय?

काँग्रेसपुढे जाणूनबुजून खोटं निवेदन करणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, खटला भरायची मुदत ५ वर्षं. १२ मार्च २०१८ ला ती मुदत संपली. खटला झाला नाही. स्नोडेनवर मात्र १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली गुन्हे लागले आणि तो आजही रशियात आहे.

पाळत ठेवली ह्याचा मला राग आहेच. पण त्याहून मोठा राग सभागृहात दिलेल्या त्या 'नाही'चा आहे. आपण सामान्य माणसं गुप्तचर खात्याच्या दारात जाऊन विचारू शकत नाही. आपला माणूस निवडून पाठवतो, तो विचारतो. त्यालाच चुकीचं सांगितलं तर आपल्याकडे विचारायची दुसरी जागा राहत नाही. तुम्हाला काय वाटतं लिहा. आणि येत्या रविवारी परत ग्रामसभा आहे, मला तो प्रश्न परत विचारायचा आहे, नीट विचारायचा आहे, त्यात मदत करा.

---

तिस्कावरचा

ताई, चांगला विषय. एक भर घालतो. लोक म्हणतात नुसती फोनची नोंदच तर घेत होते, बोलणं थोडंच ऐकत होते. त्या नोंदीत काय कळतं ते हिशोबाने बघा. एनएसएचे उपसंचालक क्रिस इंग्लिस यांनी जुलै २०१३ मध्ये संसदेच्या समितीपुढे कबूल केलं की एका संशयितापासून तीन उड्या मारेपर्यंत शोध घेता येतो. म्हणजे संशयित ज्यांच्याशी बोलला ते, ते ज्यांच्याशी बोलले ते, आणि मग ते ज्यांच्याशी बोलले ते. एकेका माणसाचे १०० नंबर धरा. १०० गुणिले १०० गुणिले १००, झाले १० लाख. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख. आता काही नंबर परत परत येणार हे मान्य, पण आपल्याकडे एका भुसारी दुकानदाराचा नंबर अर्ध्या फोंड्याकडे असतो, टॅक्सीवाल्याचा नंबर कोणाकोणाकडे असतो ते विचारूच नका, म्हणजे एक माणूस संशयित झाला की जवळजवळ अख्खा गोवा जाळ्यात. नंतर जानेवारी २०१४ मध्ये ओबामांनी तीनाच्या दोन उड्या केल्या.

आणि रात्री साडेतीनला डॉक्टरला फोन, मग वकिलाला, मग बहिणीला, ह्यात बोलणं ऐकायची गरजच काय, घरात काय झालं ते नोंदीवरूनच कळतं.

---

मालिम_जेटी

मी वेगळं बोलणार आहे, रागावू नका. आमचा धंदा दर्याचा. २६ नोव्हेंबर २००८ ला ते दहा जण 'कुबेर' नावाचा मासेमारी ट्रॉलर ताब्यात घेऊन मुंबईला आले, तेव्हापासून आमच्या खलाशांची बायोमेट्रिक कार्डं झाली, बोटीचा रंग ठरला, जाताना येताना नोंद, सगळं आलं. आम्ही कुरकुर केली पण केलं, कारण आमच्यासारख्याच एका बोटीच्या तांडेलाचा गळा चिरला होता. देशाला गुपितं ठेवावीच लागतात. टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर कोण विचारतो की तू कशी पाळत ठेवतोस? 'होय' म्हटलं असतं तर अतिरेक्याला पण कळलं असतं ना. मग तो माणूस काय करणार होता?

---

कुळागर_डिचोली

@मालिम_जेटी दादा, रागावायचं काय त्यात, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण तिसरं उत्तर होतं ना. "ह्याचं उत्तर मी खुल्या सुनावणीत देऊ शकत नाही, बंद खोलीत देतो." हे वाक्य त्या समितीपुढे नेहमी बोललं जातं, कोणी वावगं मानत नाही. गुपित राखणं वेगळं आणि 'नाही' म्हणणं वेगळं. कार्डाची गोष्ट पण बघा, तुम्हाला सांगून केलं. तुम्ही भांडलात, मग कबूल झालात. सांगितलंच नसतं आणि विचारल्यावर असं काही नाही म्हटलं असतं तर?

---

पाटो_पुलाखाली

वकिली करतो म्हणून आपल्या बाजूचं लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

आपल्याकडे सरळ 'नाही' क्वचितच ऐकायला मिळतं. आपल्याकडे विशेषण येतं. उदाहरण घ्या. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने सांगितलं की इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस, म्हणजे फोनमध्ये घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, वापरून जगात सुमारे १,४०० फोनना लक्ष्य केलं, त्यात भारतातले पण लोक होते, पत्रकार, वकील, कार्यकर्ते. १९ नोव्हेंबर २०१९ ला लोकसभेत दयानिधी मारन यांचा प्रश्न होता की सरकार व्हॉट्सॲपचे कॉल आणि मेसेज टॅप करतं का, त्यासाठी पेगासस वापरतं का. गृह राज्यमंत्र्यांचं लेखी उत्तर काढून वाचा. आयटी कायद्याचं कलम ६९ काय म्हणतं, टेलिग्राफ कायद्याचं कलम ५ काय म्हणतं, कोणत्या १० यंत्रणांना अधिकार आहेत, हे सगळं व्यवस्थित लिहिलंय. पेगासस वापरलं की नाही, हो का नाही, तेवढंच त्यात नाही.

मग त्याच महिन्यात राज्यसभेत तेव्हाचे आयटी मंत्री म्हणाले की माझ्या माहितीप्रमाणे कुठलंही अनधिकृत इंटरसेप्शन, म्हणजे टॅपिंग, झालेलं नाही. 'अनधिकृत' ह्या शब्दाखाली रेघ मारा. प्रश्न होता केलं का. उत्तर आलं, बेकायदा केलं नाही. जुलै २०२१ मध्ये पेगाससचं लक्ष्य असू शकणाऱ्या फोन नंबरांची यादी जगभर गाजली, नवे आयटी मंत्री अश्विनी वैष्णव यांनी १९ जुलैला लोकसभेत निवेदन केलं, त्यात पण गाभा तोच, आपल्याकडच्या कायद्यांमुळे बेकायदा पाळत शक्यच नाही. कायदा आहे म्हणून गुन्हा होऊच शकत नाही असं मी कोर्टात म्हटलं तर जज मला बाहेर काढतील.

९ ऑगस्ट २०२१ ला राज्यसभेत संरक्षण मंत्रालयाचं उत्तर आलं की संरक्षण मंत्रालयाने एनएसओशी कोणताही व्यवहार केलेला नाही. पेपरात मथळे आले की सरकारने नाकारलं. पण बोललं कोण, फक्त संरक्षण मंत्रालय, स्वतःपुरतं. बाकीची मंत्रालयं, बाकीच्या यंत्रणा? पुढे जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की भारताने २०१७ च्या इस्रायलबरोबरच्या मोठ्या शस्त्र करारात पेगासस घेतलं. ती बातमी खरी का खोटी ह्यावर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दाचं उत्तर संसदेला मिळायला हवं होतं.

म्हणून मला वाटतं खोटं बोलले असं म्हणणं सोपं आहे, सिद्ध करायला गेलात तर प्रत्येक वाक्य आपापल्या जागी सुटं खरं निघेल. दिशाभूल त्या सुट्या खऱ्या वाक्यांनी होते. ताईंच्या ग्रामसभेत हेच झालंय.

---

जुने_झाड

मी ऐंशीच्या पुढचा आहे, नातू टाइप करून देतो आहे. तुम्ही मुलं अमेरिकेचं सांगता, मला आपल्या गोव्याचं आठवलं. पोर्तुगीज काळात छापील मजकूर सेन्सॉर झाल्याशिवाय बाहेर जात नसे. लग्नाची आमंत्रणपत्रिका सुद्धा. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका वडील दाखवायला घेऊन गेलेले, मी त्यांच्याबरोबर चालत गेलो होतो, लहान होतो. तिथला माणूस ती पत्रिका पुन्हा पुन्हा वाचत होता आणि वडील हातात टोपी धरून उभे. गणपतीचं नाव, मुलीचं नाव, मुहूर्त, ह्यात त्याला काय शोधायचं होतं कोण जाणे. शिक्का मिळाल्यावर वडील रस्त्यात एक शब्द बोलले नाहीत.

पुढे पिड, म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची गुप्त पोलीस, ती पण इथे आली. एजंट मोंतेरोचं नाव काढलं की घरातली माणसं दार लावून घेत. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया उभे राहिले ते कशासाठी, सभेत बोलता यावं म्हणून, एवढ्याचसाठी.

तेव्हा विचारायला सभागृहच नव्हतं. लिस्बनला कोण विचारणार. १९ डिसेंबर १९६१ नंतर आम्हाला जे मिळालं त्यात सगळ्यात मोठं मला हे वाटतं, की माझा आमदार पर्वरीला विधानसभेत उभा राहून मंत्र्याला विचारू शकतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर खरं नसेल तर आमंत्रणपत्रिका घेऊन उभे असलेले माझे वडील आणि मी ह्यात फरक राहत नाही.

---

तिस्कावरचा

@जुने_झाड आजोबा, वाचून गप्प झालो. आणखी लिहा, वेगळा धागा काढा, आम्ही वाचू. देव बरें करूं.

---

हणजुणे_वाट

@मालिम_जेटी तुम्ही मुंबईचा हल्ला काढलात म्हणून एक सांगते, कारण त्यात गोवा पण आहे. पाळतीचं प्रकरण बाहेर आल्यावर एनएसएचे प्रमुख जनरल कीथ अलेक्झांडर यांनी सांगितलं की ह्या कार्यक्रमांमुळे ५४ कट उधळले. तो आकडा सगळीकडे फिरला, खासदार पण भाषणात वापरायला लागले. मग सिनेटर पॅट्रिक लेही यांनी सुनावणीत धरून विचारलं तेव्हा निघालं की ५४ मधले १३ च अमेरिकेशी संबंधित, आणि फोनच्या सरसकट नोंदींमुळे उलगडलेलं प्रकरण एखाद-दुसरं. शेवटी जे एक हाताला लागलं ते सॅन डिएगोच्या एका टॅक्सीवाल्याचं, त्याने सोमालियात अल-शबाब ह्या अतिरेकी संघटनेला सुमारे ८,५०० डॉलर पाठवले होते. २०२० मध्ये अपील कोर्टाने त्याच खटल्यात म्हटलं की ती नोंदी गोळा करायची पद्धत कायदा मोडणारी होती. त्याआधी २०१४ च्या जानेवारीत तिथल्या सरकारी खासगीपणा मंडळाने म्हटलेलं की ज्यात ह्या नोंदींनी ठोस फरक पडला असं एकही प्रकरण त्यांना दिसलं नाही.

आता डेव्हिड हेडली. मुंबईची रेकी करणारा हाच. २००९ मध्ये तो गोव्यात पण येऊन गेला, ज्यूंच्या प्रार्थनाघरांची पाहणी करायला. त्याला पकडण्याचं श्रेय अधिकाऱ्यांनी पाळतीला दिलेलं. पण त्याच्या एका बायकोने मुंबईच्या हल्ल्याच्या आधीच इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन सांगितलं होतं की हा माणूस काहीतरी करणार आहे. बाईने स्वतःच्या पायाने जाऊन सांगितलं ते कोणी मनावर घेतलं नाही. हे वाचल्यापासून कोणी म्हटलं ना की सगळ्यांची माहिती गोळा केली असती तर मुंबई वाचली असती, तर मला त्या बाईची आठवण येते. माहिती होती! समोर बसून सांगितलेली होती!

आकडा फुगवून सांगणं पण दिशाभूलच. एकदा 'असं काही करत नाही' म्हणून, आणि उघड झाल्यावर 'त्यामुळेच तर तुम्ही जिवंत आहात' म्हणून.

---

मालिम_जेटी

@हणजुणे_वाट हे बायकोचं मला खरंच माहीत नव्हतं. वाचून पोटात कालवलं. ५४ चा आकडा मी स्वतः इथे दुसऱ्या धाग्यावर दिलेला, तो मागे घेतो.

पण माझं पहिलं म्हणणं पूर्ण सोडत नाही. पाळत पाहिजे, संशयितावर पाहिजे, आणि ती गुप्तच पाहिजे. कुळागर ताईंचं तिसरं उत्तर, बंद खोलीत सांगतो, ते मला पटलं. मग माझा प्रश्न, ह्या वायडनला आतलं माहीत होतं ना? तो समितीवर होता. मग तो तीन महिने गप्प का बसला?

---

म्हादईचा_थेंब

@मालिम_जेटी चांगला प्रश्न, ह्यावर मी पण खूप विचार केलाय. वायडनना माहीत होतं. गुप्त ब्रीफिंगमध्ये मिळालेलं, बाहेर बोलले तर नियम मोडतो. म्हणून ते बरीच वर्षं आडून आडून सांगत होते, २०११ मध्ये सभागृहात उभं राहून म्हणाले की सरकार पेट्रियट कायद्याचा (ज्याखाली ह्या नोंदी घेत होते) गुपचूप कसा अर्थ लावतंय हे कळेल तेव्हा लोक थक्क होतील आणि चिडतील. त्यांचा तो प्रश्न पण मुद्दाम तसा शब्द लावून केलेला, कारण आदल्या वर्षी लास व्हेगासला हॅकर लोकांच्या परिषदेत अलेक्झांडर म्हणालेले की कोट्यवधी लोकांच्या फायली आमच्याकडे आहेत ही गोष्ट साफ खोटी. 'फायली' शब्द टाळून 'कुठल्याही प्रकारचा डेटा' असं वायडननी विचारलं. पळवाटच राहू नये म्हणून.

पण तरी मला वाटतं ते आणखी पुढे जाऊ शकले असते. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी तिथे खासदारावर खटला चालत नाही. १९७१ मध्ये माइक ग्रॅव्हेल नावाच्या सिनेटरने व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं उपसमितीत वाचून काढली आणि कामकाजात घातली, वाचताना रडला तो माणूस. आपल्याकडे पण घटनेत कलम १०५ संसदेसाठी, १९४ विधानसभेसाठी, बोलायचं संरक्षण आहे.

आणि जे खासदार समितीवर नव्हते त्यांची अवस्था बघा. २०११ मध्ये त्याच कायद्याची मुदत वाढवायच्या मतदानाआधी सरकारने सरसकट नोंदींबद्दल एक टिपण खासदारांसाठी पाठवलं होतं. प्रतिनिधीगृहाच्या गुप्तचर समितीने ते बाकीच्या सदस्यांपर्यंत पोचवलंच नाही. नवीन निवडून आलेल्यांनी काय आहे ते माहीत नसताना मत दिलं. सगळं उघड झाल्यावर २४ जुलै २०१३ ला हा कार्यक्रम बंद करायची दुरुस्ती आली, २०५ विरुद्ध २१७ ने पडली. फक्त १२ मतं!

---

पाटो_पुलाखाली

आपल्या समितीचं पण सांगायला पाहिजे. २८ जुलै २०२१, आयटी विषयाची संसदीय स्थायी समिती, अध्यक्ष शशी थरूर. नागरिकांच्या डेटाची सुरक्षा हा विषय, गृह, आयटी आणि दूरसंचार खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावलं होतं. अधिकारी आले नाहीत. सत्ताधारी सदस्य खोलीत होते पण हजेरीवर सह्या केल्या नाहीत म्हणून गणपूर्ती झाली नाही. म्हणजे तिथे दिशाभूल करायची वेळच आली नाही, प्रश्न विचारायला बैठकच झाली नाही.

सुप्रीम कोर्टाने २७ ऑक्टोबर २०२१ ला म्हटलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव काढलं की सरकारला दर वेळी मोकळीक मिळणार नाही, आणि न्या. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टात सांगितलं गेलं की तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) मिळालं, पण ते पेगाससच का हे नक्की ठरलं नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही. हे शेवटचं वाक्य सरन्यायाधीशांनी खुल्या कोर्टात वाचून दाखवलेलं आहे.

आणि जे कायदेशीर टॅपिंग आहे त्याचं पण ऐका. फोन टॅपिंगवरच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या पीयूसीएल निकालानंतर नियम झाले, गृह सचिवाची सही लागते, पुनर्विलोकन समिती बसते. केंद्राकडून महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश निघतात असं माहिती अधिकारात बाहेर आलेलं. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात आहे की ही समिती दोन महिन्यांनी बसते आणि एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश समोर येतात. एका बैठकीत! कोण वाचणार? संसदेला सांगताना मात्र 'भक्कम देखरेख यंत्रणा आहे' असंच सांगितलं जातं.

---

म्हापसा_मोबाइल

मी दुकानात मोबाइल विकतो दुरुस्त करतो, माझा अनुभव ताजा आहे. २०२५ च्या नोव्हेंबरच्या शेवटी दूरसंचार खात्याचा आदेश निघाला की प्रत्येक नवीन फोनमध्ये संचार साथी ॲप आधीच टाकलेलं पाहिजे. गिऱ्हाईकं घाबरून यायला लागली, काढता येतं का विचारायला. मंत्री म्हणाले नको असेल तर डिलीट करा. पण आदेशात लिहिलेलं की ॲपची कामं बंद करता येऊ नयेत, त्यावर बंधन घालता येऊ नये. आता मी गिऱ्हाइकाला काय सांगू, मंत्र्याचं बोलणं की आदेशातलं वाक्य? ३ डिसेंबरला तो आदेश मागे घेतला, लोकांनी आरडाओरड केली म्हणून. ॲप तसं उपयोगी आहे, चोरीचा फोन ब्लॉक करायला मी स्वतः लोकांना सांगतो. पण सक्तीचं आहे का ऐच्छिक ह्याचं उत्तर तोंडी एक आणि कागदावर दुसरं असं असेल तर माणसाने विश्वास कसा ठेवायचा.

---

हणजुणे_वाट

ॲपवाल्या भाऊंचं बरोबर. कागद मागायचा, बोलणं नको.

---

पाटो_पुलाखाली

@कुळागर_डिचोली आता तुमच्या रविवारचं. विधानसभेत मंत्र्याने सभागृहाची दिशाभूल केली तर आमदार हक्कभंगाची नोटीस देऊ शकतो, आश्वासन दिलं तर आश्वासन समिती पाठपुरावा करते. ग्रामसभेत तसलं काही नाही, म्हणून सगळा जोर प्रश्नाच्या शब्दांवर. तोंडी नको, लेखी द्या, पोच घ्या, आणि प्रश्न इतिवृत्तात शब्दशः लिहायला लावा. 'दिलं' हा शब्द काढून टाका.

---

तिस्कावरचा

"पंचायतीने" असं पण नको. ते म्हणतील पंचायतीने नाही दिलं, ठेकेदाराने दिलं. संरक्षण मंत्रालयाच्या उत्तरासारखं होईल.

---

मालिम_जेटी

'बेकायदा' किंवा 'परवानगीशिवाय' हे शब्द पण घालू नका ताई. घातलेत तर परवानगी होती म्हणून सांगतील. सरळ विचारा कोण बघतो. आणि काही सांगता येत नसेल तर तसं लिहून द्या म्हणा, कोणत्या कारणासाठी आणि कोणाला सांगणार ते पण.

---

म्हादईचा_थेंब

तारीख घाला. 'आज' विचारलंत तर कालपर्यंतचं राहून जातं.

---

कुळागर_डिचोली

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. जुने_झाड आजोबा, तुमचं मी घरी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, माझ्या सासूबाईंच्या लग्नाची पत्रिका अजून आहे पेटीत, काढून बघितली, मागे शिक्का आहे. इतकी वर्षं तो शाईचा डाग आहे असंच वाटत होतं आम्हाला.

प्रश्न असा लिहिलाय, काही राहिलं तर शनिवारपर्यंत सांगा:

"कॅमेरे बसवल्याच्या दिवसापासून आजपर्यंत, गावातल्या कुठल्याही कॅमेऱ्याचं चित्र, थेट किंवा साठवलेलं, कोणत्या कोणत्या माणसाने, संस्थेने किंवा खात्याने, कोणत्याही उपकरणावर, कोणत्याही कारणाने बघितलं किंवा त्यांना बघता येत होतं? प्रत्येकाचं नाव, कधीपासून, आणि पासवर्ड कोणी दिला. ह्यातला कोणता भाग सांगता येत नसेल तर तो कोणता आणि का, हे लेखी द्यावं."

---

मालिम_जेटी

'किंवा त्यांना बघता येत होतं' हे चांगलं घातलंत. त्याच्यातून सुटता येणार नाही. रविवारी आमची बोट धक्क्यालाच आहे, येतो मी, मागे बसतो. कितीला आहे?

---

कुळागर_डिचोली

साडेदहाला. या दादा. प्रश्नाच्या चार प्रती काढल्यात, एक तुमच्याकडे देते, पोचेची सही घेताना सोबत उभे राहा.